न वितळवता केलेला सांधा

जुन्या एसटीतून पसरणीचा घाट ज्यांनी चढला आहे, त्यांना ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आवाज कसा असतो हे सांगावयास नको. खिडक्या, छत आणि बाजूचे पत्रे घाटभर आपापल्या सुरात वाजत असत. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांत वर्षानुवर्षे एसटीच्या गाड्यांची अंगे ॲल्युमिनियमची बांधली गेली. २०१७-१८ च्या सुमारास महामंडळ पोलादी बांधणीकडे वळले. त्या जुन्या गाड्यांकडे नीट पाहिले असेल, तर पत्र्यांवर ओळीने बसवलेली रिबिटे आठवतील. हजारो रिबिटे ठोकण्यापेक्षा सरळ वेल्डिंग का केले नाही, असा प्रश्न लहानपणी आम्हांस पडत असे. त्याचे उत्तर मिळावयास वयाची पन्नाशी उलटावी लागली. आणि ते मिळाले तेही एका सभासदाची नोकरी वाचविण्याच्या खटपटीत.

आम्ही अभियंते नाही. आमचे शाळेतले शिक्षण दहावीच्या आतच संपले. पुढचे सर्व शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, चौकशीच्या खोलीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा युनियनचा माणूस वेल्डिंगवर काय बोलणार, अशी शंका कोणास आली तर ती रास्त आहे. आमचे म्हणणे एवढेच की, शिरवळ, भोसरी, चाकण येथे आपल्या वाई तालुक्यातली मुले रोज पाळीवर जातात. ती ज्या यंत्रापुढे उभी राहतात ते यंत्र काय करते, हे घरच्या माणसांना आणि गावाला थोडेतरी ठाऊक असावे.

ॲल्युमिनियमचा स्वभाव

शास्त्रीय मराठीत वेल्डिंगला ‘वितळजोडकाम’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द नेमका आहे. दोन तुकड्यांच्या कडा वितळवावयाच्या, दोन्हींचा रस एक होऊ द्यावयाचा आणि तो थिजला की सांधा झाला. लोखंडाच्या बाबतीत हे सोपे जाते. ॲल्युमिनियम मात्र येथे तीन ठिकाणी अडवणूक करते.

पहिली अडचण त्याच्या अंगावरच्या सायीची. हवा लागताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. आतला धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, पण हा थर वितळावयास सुमारे २,०५० अंश लागतात. म्हणजे आत रस झाला तरी वर कातडी शाबूतच! ती मोडून काढल्यावाचून दोन रस एकमेकांस भेटत नाहीत.

दुसरी अडचण वायूची. वितळलेले ॲल्युमिनियम हवेतील ओलाव्यातून हायड्रोजन शोषून घेते. थिजताना तो वायू बाहेर पडू पाहतो, पण वाट न मिळाल्याने आतच अडकतो. इडलीच्या पोटात जाळी पडावी तशी सांध्याच्या पोटात जाळी पडते. इडलीचा तो गुण असतो, सांध्याचा दोष.

तिसरी अडचण उष्णतेची. साध्या पोलादाच्या मानाने ॲल्युमिनियम उष्णता चार-पाच पट जलद वाहून नेते आणि तापल्यावर सुमारे दुप्पट फुगते. सांध्याच्या जागी उष्णता टिकत नाही, पत्रा मात्र सगळा तापून वाकडा होतो. शिवाय मजबुतीच्या कामाला वापरतात ते ॲल्युमिनियम शुद्ध नसते. त्यात मॅग्नेशियम, सिलिकॉन यांसारखी द्रव्ये मिसळलेली असतात. मिश्रण तापवून, एकदम थंड करून, पुन्हा मंद आचेवर काही तास ठेवून त्याला कणखरपणा आणलेला असतो. कमावलेल्या अशा धातूला पुन्हा भलतीच आच लागली, की ती कमाई तेवढ्या जागेपुरती बुडते.

कसबी वेल्डर या तिन्हींवर मात करतो. आर्गॉन वायूच्या पांघरुणाखाली विजेच्या ठिणगीने ॲल्युमिनियम जोडणारे उत्तम कारागीर आपल्याकडे आहेत. परंतु ते काम संथ, डोळ्यांना आणि छातीला त्रासाचे आणि महाग आहे. मैलभर लांबीचे सांधे रोज घालावयाचे असतील तर ते परवडत नाही. पूर्वी जो तो रिबिटांकडे वळला त्यामागे धातूचा हा स्वभावही होता.

पिठाचे दोन गोळे

१९९१ साली इंग्लंडात केंब्रिजजवळच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन टॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निराळी युक्ती काढली. वितळवल्याने इतकी संकटे येतात, तर वितळवावयाचेच कशाला? इंग्रजीत या रीतीला ‘फ्रिक्शन स्टर वेल्डिंग’ म्हणतात. फ्रिक्शन म्हणजे घर्षण, स्टर म्हणजे ढवळणे. कारखान्यातील मुले नुसते ‘एफएसडब्ल्यू’ म्हणतात. आम्ही येथे ‘घुसळजोड’ म्हणू.

घरातले उदाहरण घेऊ. कणकेचे दोन गोळे शेजारी ठेवले तर ते आपोआप एक होत नाहीत. त्यांच्यावर कोरडे पीठ लागलेले असेल तर मुळीच होत नाहीत. पण ते दाबून मळले, की कोरडे पीठ आत विखुरते आणि गोळा एक होतो. कणीक काही वितळत नाही. मऊपणा, दाब आणि मळणे या तिन्हींनी काम होते. ॲल्युमिनियमवरची ऑक्साइडची साय म्हणजे हे कोरडे पीठ समजा.

घुसळजोडाचे हत्यार दिसावयास साधे असते. कणखर पोलादाचा जाड दांडा, त्याला खाली रुंद बूड आणि बुडाच्या मधोमध बाहेर आलेली आखूड खुंटी. बुडाला ‘शोल्डर’ म्हणजे खांदा म्हणतात, खुंटीला ‘पिन’. खुंटीवर बहुधा आटे पाडलेले असतात. दोन पत्रे कडेला कड भिडवून, खाली पोलादी पाट ठेवून शिकंज्यांनी घट्ट आवळतात. मग फिरते हत्यार शेकडो किलोंच्या दाबाने दोन्ही कडांच्या मधोमध उतरवतात. खुंटी आत शिरते, खांदा पत्र्याला टेकतो. घर्षणाने धातू तापून चारपाचशे अंशांच्या आसपास जातो. वितळत नाही, पण मळलेल्या कणकेसारखा मऊ होतो. मग हत्यार सांध्याच्या रेषेवरून पुढे सरकू लागते. खुंटी पुढचा मऊ धातू आपल्याभोवती फिरवून मागे नेते, खांदा त्याला वरून दाबून बसवतो. रवी ताकात फिरते आणि कोणीतरी ती डेऱ्यातून सरळ रेषेत ओढत नेते, अशी कल्पना केली की चित्र डोळ्यांपुढे येईल.

येथे ठिणगी नाही, झगमगाट नाही, धूर नाही म्हणावा इतका कमी. वितळत नसल्याने वायूची जाळीही पडत नाही. जपानच्या शिंकान्सेन गाड्यांच्या डब्यांत ही रीत वापरली जाते. आपल्या इस्रोने १२ एप्रिल २०१८ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या पीएसएलव्ही-सी४१ या प्रक्षेपकासाठी इंधनाच्या टाक्या प्रथमच या रीतीने सांधल्या. आता विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटरीखाली ॲल्युमिनियमचे तबक असते, त्याचेही सांधे असे घालतात. प्रक्षेपकाच्या टाक्या सांधणारी ही विद्या मोटारीच्या सुट्या भागांपर्यंतही येऊन पोहोचली, आणि आमच्या सभासदांच्या हाती पडली ती येथेच.

चार गोष्टी जुळवाव्या लागतात

यंत्र चालविणाऱ्याच्या हाती मुख्यतः चार गोष्टी असतात. सांधा चांगला की वाईट हे बहुतांशी त्यांवर ठरते.

पहिली गोष्ट फेऱ्यांची. हत्यार मिनिटाला किती वेळा फिरते? फेरे जास्त तर घर्षण जास्त, उष्णता जास्त.

दुसरी फीडची. हत्यार मिनिटाला किती मिलिमीटर पुढे सरकते? फीड जास्त तर प्रत्येक जागेला मिळणारा वेळ कमी, म्हणून उष्णता कमी आणि मळणेही कमी.

या दोन गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतात. फीडला फेऱ्यांनी भागले, की एका फेऱ्यात हत्यार किती पुढे गेले ते निघते. मिनिटाला ८०० फेरे आणि १६० मिलिमीटर फीड असेल, तर दर फेऱ्यास ०.२ मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

फेरे फार आणि फीड कमी असेल तर सांधा ‘गरम’ होतो. धातू गरजेपेक्षा मऊ पडून कडेने पापुद्रे निघतात, सांध्याच्या जागी पत्रा पातळ होतो आणि आजूबाजूचा कमावलेला धातू रुंद पट्ट्यात नरम पडतो. उलट फेरे कमी आणि फीड जास्त असेल तर सांधा ‘थंड’ होतो. कणीक घट्ट असतानाच हात घाईने पुढे गेला, तर मागे पोकळी राहणारच. धातू खुंटीमागची जागा पुरती भरीत नाही आणि सांध्याच्या पोटातून लांबच लांब बोगदा जातो. कधी कधी खुंटीच मोडते.

तिसरी गोष्ट कल. हत्यार अगदी उभे न ठेवता मागच्या बाजूस दोन-तीन अंश कलते ठेवतात, म्हणजे खांद्याची मागची कड थोडी खाली राहते आणि नुकताच मळलेला धातू दाबून बसवते. गवंडी थापीची मागची कड टेकवून गिलावा ओढतो, तसेच हे आहे. कल फार कमी ठेवला तर दाब बसत नाही, फार वाढवला तर खांदा पत्रा खरवडतो.

चौथी गोष्ट खोली. खांदा पत्र्यात किंचित रुतला पाहिजे. तो वरच्यावर राहिला तर उष्णताही नाही आणि दाबही नाही. खुंटीची लांबी पत्र्याच्या जाडीहून जराशीच कमी असावी लागते. सहा मिलिमीटरच्या पत्र्यास खुंटी पाच मिलिमीटरचीच राहिली, तर खालचा भाग न मळता तसाच राहतो. वरून सांधा अखंड दिसतो आणि तळाशी दोन पत्रे नुसते एकमेकांस टेकलेले असतात. खुंटी झिजली तरी हाच परिणाम होतो, आणि झीज एका दिवसात दिसत नाही.

याखेरीज पत्रे नीट भिडलेले, पुसलेले आणि घट्ट आवळलेले हवेत, हे निराळे सांगावयास नको.

या चौघांचे एकमेकांशी नाते आहे. एकाला हात लावला की दुसऱ्याला सांभाळून घ्यावे लागते. फीड वाढवावयाचे तर फेरे, कल, खुंटीचा घाट यांचा पुन्हा विचार करावा लागतो. प्रत्येक मिश्रणाला, प्रत्येक जाडीला आणि प्रत्येक हत्याराला आपापली मर्यादा असते. त्या मर्यादेच्या आत राहिले तर सांधा चांगला येतो. कमावलेल्या मिश्रणात चांगला सांधा म्हणजे मूळ पत्र्याइतका, असेही नाही. त्याची ताकद बहुधा मूळच्या दोनतृतीयांश ते चारपंचमांश भरते, कारण शेजारचा धातू थोडा नरमतोच. हे गृहीत धरूनच अभियंता आराखडा करतो. पण बोगदा त्याने धरलेला नसतो.

आणखी एक बारकावा सांगतो. वरून पाहता हत्यार घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत आहे आणि आपल्यापासून दूर सरकत आहे, असे समजा. डाव्या बाजूस हत्याराची कड पुढे जाते, म्हणजे फिरणे आणि सरकणे एकाच दिशेने. उजव्या बाजूस ते परस्परांविरुद्ध. धातू उजव्या बाजूने वळसा घालून मागे येतो आणि शेवटी डाव्या बाजूस मिटतो. मिटावयास कमी पडला, तर बोगदा बहुधा त्या डाव्या बाजूस तळाजवळ राहतो. वरून डोळ्यांना तो दिसत नाही. क्ष-किरणांनी किंवा सांधा आडवा कापून, घासून, कॉस्टिक सोड्याने धुऊन पाहिला तरच दिसतो. ‘नुसता टेकलेला’ सांधा तर क्ष-किरणांनाही पुष्कळदा फसवतो. तो वाकवून पाहावा लागतो.

पाट्यांवरच्या रेघा

आता ज्यामुळे आम्ही या विषयात शिरलो ती हकिगत. कारखान्याचे नाव सांगावयाचे कारण नाही. असे प्रसंग अनेक ठिकाणी घडतात. एका छोट्या कारखान्यात जुन्या मिलिंग यंत्रावर घुसळजोडाचे हत्यार बसवून सहा मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पाट्या कडेला कड सांधल्या जात. सांधा एक मीटर लांब. भिंतीवरच्या कार्डावर लिहिलेले असे : फेरे ८००, फीड १६०, कल दोन अंश. आमचा एक सभासद, नऊ वर्षे नोकरी झालेला, त्या यंत्रावर होता.

एके दिवशी ग्राहकाकडून सगळा माल परत आला. त्याने नमुन्याच्या पाट्या कापून वाकवल्या होत्या. सांधे तळाशी उकलले आणि कापलेल्या तोंडावर सुईच्या अग्राएवढी भोके दिसली. आमच्या सभासदाला निलंबनाचा कागद मिळाला. आरोप असा की, कार्डावरील सूचना न पाळता निष्काळजीपणाने काम करून मालाचे नुकसान केले.

तो आमच्याकडे आला. त्याचे म्हणणे सरळ होते. महिनाभरापूर्वी माल लवकर हवा म्हणून फीडचा गिअर बदलावयास तोंडी सांगितले गेले. १६० चे ४०० झाले. कार्ड मात्र भिंतीवर तसेच राहिले. पूर्वी एका सांध्याला सव्वासहा मिनिटे लागत, आता अडीच.

पहिल्या बैठकीत आम्ही मोठी चूक केली. आम्ही म्हणालो, “सांधा यंत्र घालते. कामगार नुसता खटका दाबतो. त्याचा दोष कसा?” समोरच्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारले, “मग गेल्या करारात त्याला कुशल कामगाराची श्रेणी कशाबद्दल मागितलीत?” आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या रात्री घरी येताना मनाशी ठरवले की हे काम समजून घेतल्याखेरीज पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकावयाचे नाही.

पुढचे पंधरा दिवस आम्ही वाचले, विचारले, पाहिले. एका तंत्रनिकेतनातील शिक्षकाने, दुसऱ्या कारखान्यातील सेटरने आणि आमच्या सभासदाने स्वतः शिकवले. वर दिलेली माहिती ही त्या पंधरा दिवसांची कमाई आहे. त्यातच एक गोष्ट हाती लागली. खांदा पुढे सरकताना पत्र्यावर अर्धवर्तुळाकार बारीक रेघा उमटत जातात, ओल्या मातीवर मडक्याचे बूड फिरवत ओढावे तशा. एका फेऱ्याला एक रेघ. म्हणजे दोन रेघांमधले अंतर हे एका फेऱ्यात हत्यार जेवढे सरकले तेवढे असते. कार्डाप्रमाणे काम झाले असेल तर ०.२ मिलिमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये ५० रेघा. फीड ४०० असेल तर ०.५ मिलिमीटर, म्हणजे २० रेघा.

घड्याळजीकडून भिंग मागून आणले. चौकशीच्या खोलीत परत आलेल्या पाट्या टेबलावर ठेवल्या आणि मोजल्या. २०. दुसरी पाटी, २०. मग गोदामातून महिन्यापूर्वीची एक चांगली पाटी मागवली. ५०. पाट्यांवर पाळीचे शिक्के होते. तीन पाळ्यांत तीन निराळ्या माणसांनी सांधलेल्या पाट्यांवर तीच २० रेघांची ओळ होती. एकाचा निष्काळजीपणा तिघांच्या हातून इतका मोजून मापून कसा झाला, एवढाच प्रश्न आम्ही विचारला.

समोरून एक चांगला आक्षेप आला. रेघांवरून फक्त गुणोत्तर कळते. फेरेच कोणी कमी केले नसतील कशावरून? आक्षेप बरोबर होता. तेव्हा उत्पादनाची वही मागवली. पाळीला ३० पाट्या होत त्या एका ठरावीक तारखेपासून ४२ होऊ लागल्या होत्या. फेरे कमी केल्याने पाट्या वाढत नाहीत, फीड वाढवल्याने वाढतात. आणि त्या वहीवर रोज वरिष्ठांची सही होती.

शिवाय खुंटी काढून मोजली. ती नव्या खुंटीपेक्षा आखूड झाली होती. म्हणजे सांधा थंड होता आणि तळही न मळलेला राहत होता. दोन्ही दोष एकत्र आले होते. पूर्वीच्या मंद फीडला झिजलेल्या खुंटीने कसेबसे निभावले असते. वाढलेल्या फीडला ती पुरी पडली नाही.

आरोपपत्र मागे घेतले गेले. निलंबनाच्या काळातला अर्धा पगार मिळाला, अर्धा बुडाला. तेवढ्यावरच समेट करावा लागला.

आमच्याकडचा दोष

येथे ही हकिगत संपवली असती तर ती आम्हांस सोयीची झाली असती. परंतु पूर्ण सांगितली पाहिजे. चौकशी संपल्यावर चहा पिताना आमचा सभासद म्हणाला, “साहेब, फीड वाढवल्या दिवसापासून यंत्राचा आवाज बदलला होता. जड चालत होते. मला वाटत होते की आत काहीतरी बरोबर नाही.” आम्ही विचारले, “मग बोलला का नाहीस?” तो म्हणाला, “तुम्हीच सांगता ना, सांगितले तेवढे करावे, जास्तीचे बोलून अंगावर घेऊ नये!”

हे खरे होते. वर्षानुवर्षे आम्ही सभासदांना हाच सल्ला दिला होता. त्यामागे कारणेही होती. जो बोलतो त्याचीच मान अडकते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. परंतु या सल्ल्याने त्याच्या हातातले खरे कसब आम्ही कुलपात ठेवले. पूर्वीच्या वेल्डरचे कसब हाताच्या स्थिरपणात होते. ते कोणालाही दिसे. घुसळजोडाच्या कामात हात स्थिर ठेवावा लागत नाही, म्हणून कसब गेले असे मालकालाही वाटते आणि कामगारालाही. वस्तुतः ते जुळवणीत, कानात आणि बोटांत जाऊन बसले आहे. खुंटी केव्हा बदलावी, आवाज केव्हा जड झाला, पापुद्रे केव्हा वाढले, रेघा केव्हा विरळ झाल्या, हे ज्याला कळते तो कुशल. पण त्याला कळून उपयोग तेव्हाच, जेव्हा ते बोलून दाखविण्याचा त्याला अधिकार असेल.

म्हणून पुढच्या बोलण्यांत आम्ही पगाराबरोबर चार गोष्टी मागितल्या. जुळवणीत जो बदल करील त्याने कार्डावर तारीख घालून सही करावी. बदलानंतरची पहिली पाटी कापून आणि वाकवून पाहिल्याखेरीज पुढचा माल काढू नये. प्रत्येक पाळीच्या आरंभी खुंटी मोजून वहीत नोंद करावी. आणि ज्याला शंका येईल त्याला यंत्र थांबविता यावे. शंका खोटी ठरली तरी त्याबद्दल शिक्षा होऊ नये. चौथ्या कलमावर सर्वांत जास्त वाद झाला. शेवटी ते मान्य झाले. पहिल्या महिन्यात यंत्र तीन वेळा थांबवले गेले. दोनदा शंका खरी निघाली, एकदा खोटी.

वेग वाढवावयाचाच नाही, असा आमचा हट्ट नव्हता. माल लवकर हवा ही गरज खोटी नसते. काम राहिले तर कामगार राहतो. नवी खुंटी बसवून, फेरे १,००० आणि फीड २५० करून नमुने काढले गेले. ते कापले, वाकवले. सांधे टिकले. रेघा मोजल्या तर सेंटिमीटरला ४० भरल्या. सांध्याला चार मिनिटे लागू लागली. पूर्वीच्या सव्वासहा मिनिटांपेक्षा ती पुष्कळ कमी, आणि अडीच मिनिटांच्या खोट्या बचतीपेक्षा स्वस्त, कारण माल परत आला नाही. हे आकडे त्या यंत्राचे, त्या हत्याराचे आणि त्या पाटीचे आहेत. दुसरीकडे ते जसेच्या तसे लावू नयेत. तेथे नमुना कापून नवे आकडेच शोधावे लागतील.

या श्रोत्यांत ज्यांची मुले, पुतणे, भाचे अशा कारखान्यांत जातात, त्यांना एक विनंती करून थांबतो. तो सुट्टीत घरी आला की पगार किती, ओव्हरटाइम किती हे जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा की, तुझ्या यंत्राचे कार्ड कोण लिहितो, बदल झाला तर सही कोण करतो, आणि आवाज बदलला असे तुला वाटले तर ते कोणाला सांगता येते. पुण्यात ॲल्युमिनियमच्या डब्यांची मेट्रो धावू लागली आहे. विजेच्या मोटारी आपल्या रस्त्यांवर दिसू लागल्या आहेत. अशा गाड्यांत आपली माणसे बसणार आहेत आणि त्यांचे भागही आपलीच माणसे सांधणार आहेत. सांध्याच्या पोटात काय आहे हे बसणाऱ्याला कधीच दिसत नाही. ज्याने तो घातला त्याला मात्र पुष्कळदा ते घालतानाच कळलेले असते.